बुधवारचा रियाज

३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज विनंत्यांची पेटी उघडली. चर्चच्या दाराशी ही लाकडी पेटी मी इथे बदलून आल्यावर लावली. लोक चिठ्ठ्या टाकतात, त्यातल्या काही मी रविवारच्या सामुदायिक प्रार्थनेत, मिस्सेत, वाचून दाखवतो. नेहमीचंच असतं. गुडघे, परीक्षा, सुनेला सद्बुद्धी, सासूला सद्बुद्धी (या दोन बहुधा एकाच घरातून येतात). एकाने शेजारच्या पोपटाची बोलती बंद व्हावी म्हणून लिहिलं आहे.

त्यात आज तपकिरी कागदाचा एक कपटा निघाला. कडेला सुईने टोचावी तशी बारीक भोकांची रांग. पेन्सिलने लिहिलंय, ‘मला माझ्या घरात भीती वाटते. माझ्यासाठी प्रार्थना करा.’ नाव नाही.

बराच वेळ कपटा हातात धरून उभा होतो. भीतीतलं मला कळतं. मी जन्माचा भित्रा. कुत्रा, पाल, अवेळी वाजणारा फोन, बिशपांच्या घरून आलेलं पाकीट, सगळ्यालाच भितो. आणि दोन वर्षांपूर्वीचं ते. मागच्या चर्चमध्ये भर मिस्सेत माझा आवाज गेला. तोंड उघडलं आणि शब्द येईना. तीनशे माणसं बघत होती. मग रजा, गोळ्या आणि ही ‘शांत जागा’.

पण मी बाहेर भितो आणि घरी येऊन दार लावून घेतो. ज्याला घरातच भीती वाटते त्याने दार कुठल्या बाजूने लावायचं?

५ फेब्रुवारी, रविवार

चिठ्ठी वाचली. म्हणजे एवढंच म्हटलं, “आपल्यातल्या एका व्यक्तीला स्वतःच्या घरात भीती वाटते. तिच्यासाठी प्रार्थना करू या.” खोकणारेसुद्धा थांबले.

नंतर मास्तर भेटले. “फादर, आज आवाज छान लागला. थरथर अजिबात नव्हती.” मला पोरासारखा आनंद झाला. मास्तर शाळेत संगीत शिकवतात, इथे ऑर्गन वाजवतात, गायकवृंद त्यांचाच. कुणाकडे फ्यूज गेला, नळ गळला, कुणी वारलं, की लोक आधी मास्तरांना बोलावतात, मग मला. माझा गेलेला आवाज त्यांनीच परत आणला. दर बुधवारी संध्याकाळी सहा ते सात माझ्याकडे येतात आणि मला मिस्सेतल्या प्रार्थना गायला शिकवतात. इतक्या वर्षांत मित्र म्हणावा असा हा एकच माणूस मिळाला.

८ फेब्रुवारी, बुधवार

रियाज छान झाला. मास्तर ओरडत नाहीत. पोटावर तळहात ठेवतात, म्हणतात, “इथून श्वास घ्या. घाई नाही. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?”

रियाज संपल्यावर मला एक युक्ती सुचली. म्हटलं, “मास्तर, तुम्ही हजार मुलांच्या वह्या तपासल्यात. अक्षरावरून माणूस ओळखाल.” आणि ती चिठ्ठी त्यांना दिली.

त्यांनी ती दिव्याखाली धरली. उलटसुलट करून पाहिली. “पोराटोरांची खोडी दिसते,” ते म्हणाले. “राहू दे माझ्याकडे. शाळेत चौकशी करतो.” घडी करून खिशात टाकली.

चहाला थांबले नाहीत. दुसऱ्याच्या काळजीने माणूस किती अस्वस्थ होतो. मला मात्र हलकं वाटलं. कुणीतरी जबाबदार माणूस आता त्यात लक्ष घालतो आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार

वहिनी सलग दुसऱ्या रविवारी नाहीत. वहिनी म्हणजे मास्तरांची पत्नी. बायकांचे कपडे शिवतात, वेदीवरची कापडंही त्यांच्याच हातची. बोलणं कमी. मूलबाळ नाही. मास्तर म्हणाले, “पाठ धरलीय तिची. ऐकत नाही, वाकून वाकून कामं करते.” प्रेमाने म्हणाले.

चिठ्ठीबद्दल विचारलं. “कुणाची ते कळलं. मी समज दिली आहे,” म्हणाले. देवाची कृपा.

२७ फेब्रुवारी, सोमवार

वहिनी काल आल्या. उजव्या मनगटाला पट्टी. बरण्या काढताना स्टुलावरून पडल्या म्हणे. मी गमतीने म्हटलं, “वहिनी, देवाच्या कामाला सुट्टी हवी होती तर सांगायचं, हात कशाला मोडायचा?” त्या हसल्या. मास्तरही हसले.

दुपारी वाढताना मावशी (माझा स्वयंपाक करतात, आणि माझी कानउघाडणीही) म्हणाल्या, “तिसऱ्यांदा पडल्या या बाई. घराला फरशी आहे का साबण?”

“मावशी, उपवासकाळ चालू आहे. निदान चाळीस दिवस तरी दुसऱ्याच्या घरात डोकावू नका.”

“मी डोकावत नाही. मला दिसतं,” असं म्हणून त्यांनी आमटीचं भांडं जरा जोरातच ठेवलं.

८ मार्च, बुधवार

मास्तरांनी रियाजानंतर पेटीचा विषय काढला. म्हणाले, निनावी चिठ्ठ्यांनी संशय पसरतो, लोक एकमेकांकडे बघायला लागलेत. विचार करता पटलं. पेटी काढून वेदीमागच्या खोलीत कपाटावर ठेवली.

खरं लिहायचं तर सुटल्यासारखं झालं. शुक्रवार आला की पेटी उघडायची मला धास्ती वाटायला लागली होती. आत आणखी एखादा तपकिरी कपटा असेल तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

१ एप्रिल, शनिवार

सकाळी वहिनी पुनरुत्थानाच्या सणासाठी, ईस्टरसाठी, नवं वेदीवस्त्र घेऊन आल्या. माझ्या हातात गठ्ठा दिला आणि गेल्या. मी सोडला.

कापडाला चुरगळू नये म्हणून तपकिरी कागदात गुंडाळलं होतं. कपडे बेतायचा कागद. त्यावर शिवणाच्या दातेरी चाकाने टोचलेल्या भोकांच्या रांगा.

खाली बसलो. आता यापुढे लिहिता येत नाही.

२ एप्रिल, रविवार

तिची चिठ्ठी मी त्याच्याच हातात दिली.

तिची चिठ्ठी मी त्याच्याच हातात दिली, आणि नंतर तिच्या मोडक्या हातावर विनोद केला.

५ एप्रिल, बुधवार

आज रियाज टाळायची हिंमत झाली नाही. मास्तर आले. पोटावर तळहात ठेवला. हाच हात. मी श्वास घेतला तो वर छातीतच अडकला.

“काय झालं, फादर? पुन्हा ते सुरू झालं का?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी मला पाणी आणून दिलं. पाठीवरून हात फिरवला. इतक्या मायेने की मला वाटलं, मी एका कागदाच्या कपट्यावरून एका भल्या माणसाला फासावर चढवतोय. ते गेल्यावर मी मावशींना विचारलं, वहिनींचं काय काय दिसतं तुम्हाला. मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं आणि सांगितलं. दोन वर्षांचं. तारीखवार. मी मध्येच म्हटलं, पुरे.

“एवढ्यात पुरे?” मावशी म्हणाल्या.

१४ एप्रिल, शुक्रवार

वहिनींशी बोललो.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये गायकवृंदाचा सराव असतो आणि त्याच वेळी वहिनी वेदीमागच्या खोलीत फुलदाण्या भरतात. ऑर्गन वाजतोय म्हणजे मास्तर बाकावर बसलेले आहेत. सूर थांबला की आम्हीही थांबायचो. मी कपाटातल्या मेणबत्त्या मोजत असल्यासारखा उभा होतो. एकच चळत किती वेळा मोजली कोण जाणे.

“वहिनी, ती चिठ्ठी मीच दाखवली त्यांना. मला माहीत नव्हतं.”

“माहीत आहे मला. रात्री जेवताना माझ्या ताटाखाली ठेवली होती त्यांनी.” त्या देठ कापत होत्या. “आधी वाटलं, तुम्ही मुद्दाम दिलीत. म्हणजे तुम्ही त्यांच्याच बाजूचे. मग तुम्ही मनगटावरून थट्टा केलीत, तेव्हा कळलं की तुम्हाला काहीच कळलेलं नाही. ते जास्त लागलं.”

ऑर्गन थांबला. बायकांच्या आवाजात कुणीतरी चुकलं होतं. मास्तर कुणालातरी म्हणत होते, घाई नको, पुन्हा घेऊ. परत सूर लागले.

मी पोलिसांचं म्हटलं. “फौजदारांची मुलगी यांच्याकडे गाणं शिकते,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, दूरच्या शहरात सिस्टरांचं बायकांसाठी वसतिगृह आहे, तिथे मी बोलतो.

“घाई करू नका, फादर. तेवीस वर्षं झालीत. मला विचार करू दे. घराबाहेर पाय टाकणं तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही.” फुलदाणी उचलून त्या दाराशी गेल्या, मग म्हणाल्या, “ती पेटी तेवढी परत लावा. मला बोलायला दुसरी जागा नाही.”

त्या गेल्यावर मी मेणबत्त्यांच्या खोक्यावरच बसलो. खोकं फाटलं.

२३ एप्रिल, रविवार

पेटी परत लावली. गेल्या रविवारीच लावायची होती, पण जमलं नाही. आज पहाटे खिळे ठोकताना बोटावर हातोडी मारून घेतली.

मास्तर पेटीपाशी थांबले. “परत आली वाटतं.”

“लोकांनी मागितली.”

“कुठल्या लोकांनी?”

“बऱ्याच,” मी म्हटलं, आणि आवाज चिरकला. मास्तर संगीताचे शिक्षक आहेत. खोटा सूर त्यांना लगेच कळतो.

६ जुलै, गुरुवार

पाऊस. छत तीन ठिकाणी गळतंय. घड्याळकाका बादल्या लावत फिरतात. हे आमचे घंटा वाजवणारे. आठाचे टोले सव्वाआठला देतात म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात.

दोन बाप्तिस्मे, एक अंत्यविधी. वहिनी दर रविवारी येतात. वरवर सगळं ठीक. पेटीत काही नाही. मी मात्र त्यांच्या बाही, मान, चाल सगळं बघत असतो. पूर्वी दिसायचं नाही, आता दुसरं काही दिसतच नाही.

आज बिशपांच्या घरी फोन केला. बिशप दौऱ्यावर. त्यांच्या सचिवांना, तेही फादरच, नाव न घेता सगळं सांगितलं. ते म्हणाले, “घरातली गोष्ट घरात बरी. दोघांना समोरासमोर बसवा, समेट करून द्या. आणि तुम्ही तब्येतीला जपा.” मी “हो, फादर” म्हणून फोन ठेवला. आयुष्यभर मी प्रत्येकाला ‘हो’च म्हणत आलो. पण त्या दोघांना समोरासमोर बसवणार नाही. मी एकदा तिला त्याच्या हातात दिलं, ते पुरे.

वसतिगृहाच्या सिस्टरांशी मात्र बोलणं झालं. खोली आहे म्हणाल्या. मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, “तुम्ही प्रार्थना करा, फादर. बसचं मी बघते.”

१६ ऑगस्ट, बुधवार

आज रियाज संपल्यावर मास्तरांनी माझ्या खोलीतल्या छोट्या ऑर्गनचं झाकण लावलं आणि बोटांनी त्यावर ताल धरला.

“फादर, तुम्ही गोळ्या घेता ना अजून?”

“कधी कधी.”

“मागच्या ठिकाणी फार वाईट झालं होतं म्हणतात. सात मिनिटं उभे होतात वेदीवर. मला काळजी वाटते हो. बिशपांना एक पत्र लिहावं म्हणतो, तुमच्या तब्येतीबद्दल. तुम्हाला भास होतात, लोकांविषयी नको नको ते वाटतं, असं काही असेल तर वेळीच उपचार झालेला बरा.” मग हसून म्हणाले, “अर्थात तुम्ही म्हणत असाल तर नाही लिहीत.”

म्हणजे त्यांना कळलं आहे की मला कळलं आहे.

मी त्यांची छत्री आणून दिली. ‘लिहू नका’ हे दोन शब्द जिभेवर होते. ते म्हटले असते तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. बुधवार, चहा, मित्र. ते गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन मावशींजवळ बसलो. त्या शेंगा सोलत होत्या. मीही सोलू लागलो. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

बिशपांचं पाकीट. एक डिसेंबरपासून माझी बदली, वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात, ‘विश्रांती व हलकी सेवा’. म्हणजे पत्र पोचलं.

मी गेल्यावर इथे दुसरे फादर येतील. मास्तर त्यांचेही मित्र होतील. पेटी कदाचित पुन्हा कपाटावर जाईल. वहिनींना वेदीमागे एवढंच सांगू शकलो, “माझ्याकडे नोव्हेंबरअखेरपर्यंत वेळ आहे.” त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे आता तारीख लागली आहे.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

पेटीत तपकिरी कपटा. ‘बुधवारी. सहानंतर.’

वाचल्यावर तो चावून गिळला. हसू येण्यासारखं आहे, पण हा कपटा कुणाच्याही हातात द्यायचा नाही म्हटल्यावर मला दुसरी खात्रीची जागा सुचली नाही.

मावशींनी हिशोब मांडला. सहा चाळीसची बस. एक तासाने जंक्शनला उतरायचं. तिथून आठला दुसरी, थेट शहराची. ती सुटली की गाठता येणार नाही. मावशी स्वतः सोबत जाणार. “तुम्ही फक्त आठपर्यंत मास्तरांना धरून ठेवा.”

“ते सातला उठतात, मावशी. घड्याळ बघून उठतात.”

“मग काहीतरी करा. शिकवताहेत ना ते तुम्हाला? शिका.”

१६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

कालचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

मास्तर सहाला आले. ओली छत्री कोपऱ्यात उभी केली. मी तोंड धुऊन, गोळी न घेता बसलो होतो. गोळी घेतली की आवाजाला जडपणा येतो. नेहमीच्या प्रार्थना झाल्या. मी मुद्दाम चुकलो नाही, मुद्दाम चुकलेलं त्यांना कळलं असतं. खऱ्या चुकाच पुरेशा होत होत्या.

सातला पाच कमी असताना त्यांनी वही मिटली. मी म्हटलं, “मास्तर, पंधरा दिवसांनी मी जाणार. एक इच्छा आहे. ती मोठ्या मेणबत्तीपुढची स्तुती मला शिकवाल?”

ही पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री गायची असते. सगळ्यात लांब, सगळ्यात अवघड. धर्मगुरूने गावी असा रिवाज, पण मी भीतीपोटी ती कधीच गायलो नाही. इथे माझ्याऐवजी मास्तरच गातात.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वही उघडली. “बसून नाही होणार. उभे राहा.”

एकेक ओळ. ते म्हणायचे, मी म्हणायचो. मधे मधे वाटत होतं की समोरच्या खिडकीतून बसचा दिवा दिसेल, जरी बसथांबा तिकडे नाहीच. माझा सदरा पाठीला चिकटला होता. सव्वासातला त्यांनी खिशातून फोन काढला. “घरी सांगतो, उशीर होईल म्हणून.”

फोन वाजत राहिला. मला पलीकडची घंटा ऐकू येत होती, रिकाम्या घरातली.

“उचलत नाही,” मास्तर म्हणाले, आणि उठायला म्हणून त्यांनी हात टेकला.

मी गायला लागलो. विचार करून नव्हे. तोंड उघडलं आणि पुढची ओळ, जी त्यांनी अजून शिकवली नव्हती, ती वहीत बघून म्हणायला लागलो. मोठ्याने. ते तसेच अर्धवट उठलेले थांबले. मग हळूहळू खाली बसले. फोन खिशात गेला आणि बोटं ऑर्गनच्या पट्ट्यांवर आली. ते माझ्यामागून साथ करत आले.

मी थांबलोच नाही. एक पान, दुसरं पान. थांबलो तर ते उठतील, एवढंच डोक्यात. भीती इतकी होती की आवाजाची भीती बाळगायला जागाच उरली नाही. शेवटपर्यंत गेलो, आणि मास्तर म्हणाले, “पुन्हा, पहिल्यापासून.” त्यांनीच म्हटलं. मी पुन्हा गायलो.

दुसऱ्यांदा संपलं तेव्हा भिंतीवर आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. आठाचे टोले अजून पडायचे होते, घड्याळकाकांची कृपा. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. “फादर, आज पहिल्यांदा तुमचा आवाज मोकळा झाला,” ते म्हणाले. माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. छत्री घेतली आणि गेले.

टोले पडेपर्यंत मी दाराला आतून कडी घालून उभा होतो.

१६ नोव्हेंबर, दुपार

मास्तर सकाळी नऊला आले. दाढी केलेली नव्हती. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

“माझी बायको कुठे आहे?”

“सुखरूप आहे.”

“कुठे?”

“ते सांगणार नाही.”

मी टेबलाला धरून उभा होतो आणि टेबल थरथरत होतं. कप बशीत वाजत होता. मास्तरांनी त्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता मारतील. मनगट आपोआप पोटाशी घेतलं. वहिनी तशा का उभ्या राहतात ते तेव्हा कळलं.

त्यांनी मारलं नाही. म्हणाले, “तुमचा आवाज मी परत आणला.”

“हो.”

“आणि तो तुम्ही माझ्यावरच चालवलात.”

“हो, मास्तर.”

ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागले. “मी तिच्यावर फार प्रेम करतो,” म्हणाले. मला ते खोटं वाटलं नाही. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. एवढंच म्हटलं, “तुम्हाला कुणाशी बोलायचं असेल तर मी आहे. पण पत्ता सांगणार नाही.” त्यांनी पाण्याचा पेला भिंतीवर फेकला आणि गेले. दुपारी मावशी परतल्या आणि काचा वेचल्या.

२२ नोव्हेंबर, बुधवार

बिशपांनी बोलावलं होतं. मास्तरांच्या बाजूने चाळीस सह्यांचा अर्ज गेला आहे की मी एक संसार मोडला.

“मला आधी का नाही सांगितलंस?” बिशपांनी विचारलं.

“जुलैमध्ये फोन केला होता. तुमच्या सचिवांनी समेट करा म्हणून सांगितलं.”

त्यांनी अर्जाची घडी घातली. बदली रद्द झाली नाही. निघताना म्हणाले, “तुला भीती नाही वाटली?” मला हसू आलं. या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलो असतो तर त्यांची दुपार गेली असती.

संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा मी सवयीने टेबलावरची वही उघडून ठेवली होती.

२६ नोव्हेंबर, रविवार

ऑर्गन बंद. गायकवृंदातलं कुणी आलं नाही. मागचे बाक रिकामे. फौजदार उठून गेले. एक आजी दाराशी म्हणाल्या, “फादर, चांगल्या घरात असं होतंच, तुम्ही मधे पडायला नको होतं.” मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची मान अशी ताठ का असते, हे मी आजवर विचारलं नव्हतं.

पेटीत तीन चिठ्ठ्या. गुडघ्यांची एकही नाही. तीन वेगळी अक्षरं, आणि तिन्ही घरातल्या भीतीच्या.

मला चार दिवस उरलेत. तिन्ही चिठ्ठ्या आणि पेटीची किल्ली मावशींना दिली. त्यांनी वाचल्या, पदराला गाठ मारून किल्ली बांधली. “नवे फादर किल्ली मागतील,” मी म्हटलं.

“मागू देत,” मावशी म्हणाल्या.

९ डिसेंबर, शनिवार

नवी जागा. नऊ म्हातारे धर्मगुरू, एक लांब व्हरांडा, त्याच्या टोकाला फोन. तो रोज दुपारी चारच्या सुमारास माझ्यासाठी वाजतो. मास्तरांचा. शिव्या नाहीत. मऊ आवाजात विचारतात, “फक्त ती जेवते-खाते का तेवढं सांगा. गाव कुठलं, तेवढं सांगा.” कालचा फोन तर रडून रडून. वसतिगृहाचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी रिसीव्हर ठेवला आणि व्हरांड्यातच बसून राहिलो. एक दिवस मी सांगून टाकणार, ही भीती इथे खातापितानाही माझ्यासोबत असते. त्या माणसाला ‘नाही’ म्हणायची ताकद किती दिवस पुरेल, मला ठाऊक नाही.

आज मावशी दोन बस बदलून भेटायला आल्या. डब्यात शेंगदाण्याचे लाडू. म्हणाल्या, वहिनी बऱ्या आहेत. पहिल्या रात्री दाराला आतून कडी लावून झोपल्या त्या सकाळी दहाला उठल्या. आता हॉस्पिटलच्या शिवणखात्यात काम मिळालंय. वसतिगृह सोडलं. स्वतःची खोली घेतली.

“कुठे?” माझ्या तोंडून गेलं.

मावशी लाडूचा डबा उगाच उघडझाप करायला लागल्या. “राग नका मानू, फादर. त्या म्हणाल्या, फादरांना माझा नमस्कार सांगा, त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते म्हणावं. पण पत्ता त्यांना देऊ नका.”

क्षणभर लागलं. मग छातीवरचा धोंडा कुणी उतरवावा तसं झालं.

“शहाणी आहे,” मी म्हटलं. “मावशी, तुम्हीही मला कधी सांगू नका.”

चारला फोन वाजला. मावशी समोरच होत्या. मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. उचलला.

“कुठे आहे ती?”

“मला माहीत नाही, मास्तर,” मी म्हटलं. पलीकडे ते नुसते ऐकत राहिले. त्यांना खोटा सूर लगेच कळतो. मग त्यांनीच फोन ठेवला.